बालिका दिनाला सावित्रीबाईच का? एल्सा का नको?

रानजाई
३ जानेवारीला शाळेतून निरोप आला होता, मुलींनी सावित्रीबाईंच्या वेशात यावं. लेक पहिलीत आहे. तिला 'फ्रोझन' सिनेमातल्या एल्साचा निळा झगाच हवा होता, दोन दिवस रडली. मी ऐकलं नाही. शिवलेली नऊवारी आणली, ठसठशीत कुंकू लावलं, हातात पाटी दिली. बक्षीसही मिळालं. घरी आल्यावर विचारलं, सावित्रीबाईंनी काय केलं गं? म्हणाली, "त्यांना शेण मारलं."

१८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा, १८५४ चा कवितासंग्रह, १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन केलेली ती धावपळ आणि त्यातच आलेलं मरण, सगळं सांगितलं होतं मी. तिच्यापाशी उरलं ते शेण.

तरीही झगा नाही तो नाहीच, या मतावर मी ठाम आहे. सहा वर्षांच्या पोरीच्या मनात कोणती बाई घर करणार हे खेळण्यांच्या दुकानाने का ठरवावं? तुम्हाला काय वाटतं?

गारवा
अजिबात पटलं नाही. 'फ्रोझन' (२०१३) मध्ये राजपुत्र दगाबाज निघतो आणि जीव वाचतो तो एका बहिणीने दुसरीसाठी स्वतःला पुढे केल्यामुळे. लग्न लागून गोष्ट संपते अशा राजकन्यांवर आपण वाढलो, त्यामानाने हे किती पुढचं आहे! आणि नुसता हात पुढे केला की बर्फाचा महाल उभा राहतो, ही ताकद कुठल्या पोरीला नको असेल?

मी लहानपणी चार वर्षं ओळीने झाशीची राणी झाले, कारण घरात पुठ्ठ्याची तलवार होती. १८५७ मला ठाऊक नव्हतं. ती तलवार फिरवताना जे अंगात यायचं, त्यानेच पुढे पुस्तकाकडे नेलं. तुम्ही लेकीचा खेळ काढून घेतलात आणि तिथे धडा ठेवलात.

कृष्णाकाठ
गारवा, सिनेमा तुम्ही म्हणता तसा असेलही, पण दुकानात गोष्ट मिळत नाही, झगा मिळतो. 'ब्रेव्ह' सिनेमातली मेरिडा आठवते? विस्कटलेले केस, धनुष्यबाण, लग्नाला नकार. २०१३ मध्ये डिस्नेने तिला आपल्या राजकन्यांच्या रांगेत बसवलं तेव्हा नव्या चित्रात तिची कंबर बारीक झाली, गळा खाली आला आणि धनुष्य गायब झालं. ज्यांच्या कल्पनेतून ती आली त्या ब्रेंडा चॅपमन यांनीच जाहीर विरोध केला. मुलींच्या हाती द्यायच्या वेळी नेमकं धनुष्यच काढून घ्यावंसं वाटतं, याचा मला राग आहे.

धुळाक्षरं
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नऊवारी असो की झगा, दोन्हीला पैसे पडतात. एका वर्षी माझ्या वर्गातल्या दोघी ३ जानेवारीला आल्याच नाहीत. घरी विचारायला गेले तर आई म्हणाली, "बाई, लुगडं नव्हतं." ज्या बाईने मुलींना शाळेत आणलं, तिच्याच जन्मदिवशी मुली घरी बसल्या. मला रात्रभर झोप आली नाही.

पुढच्या वर्षी वेशभूषा बंद केली आणि मुक्ता साळवे घेतली. फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. वेद वाचायचा आम्हाला अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असं तिने त्यात थेट विचारलं आहे. मुलींना आदर्श म्हणून आपण नेहमी मोठ्या बायका दाखवतो. ही तर पोरच होती, शाळेत जाणारी.

अंगणवेल
धुळाक्षरं, मी मातंग समाजातली. मुक्ताचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात. शाळेतली इतकी वर्षं कुणीच सांगितलं नव्हतं. ती वर्गावर्गात पोचायलाच हवी. पण कुणाच्या तरी डोक्यात येईल की मुलीला फाटकं लुगडं नेसवून 'मुक्ता' करू. तसं कृपया कुणी करू नका. आमचं दुःख हा पोशाख नाही.

धुळाक्षरं
अगदी बरोबर. मुली रोजच्या गणवेशातच उभ्या राहिल्या. हातात फक्त कागद होता.

वसंतदादांच्या गावचा
या धाग्यात मुलगे कुठेच नाहीत. आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना! २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या रात्रीपासून लेक स्मृतीची १८ नंबरची जर्सी अंगावरून उतरवत नाही. आता तिच्या धाकट्या भावालाही तशीच हवी आहे. पाठीवर बाईचं नाव घेऊन फिरणारा मुलगा आमच्या पिढीत मी पाहिला नव्हता.

रानजाई
गारवा, झग्याबद्दल माझं मत तेच आहे. पण शेणाचा दोष लेकीचा नाही. सहन करणारी बाई सांगायला सोपी जाते, म्हणून मीच ते रंगवून सांगितलं होतं. सावित्रीबाई जास्तीचं लुगडं बरोबर नेत असं सांगतात, ती गोष्ट काल पुन्हा सांगितली, या वेळी शाळेत पोचल्यानंतरची. लुगडं बदलायचं आणि वर्ग सुरू करायचा. ती उठून बसली. "मग वर्गात काय शिकवायच्या?"

धुळाक्षरं, त्या शाळेत कोणकोणते विषय होते, ते सांगाल का? आज रात्री तिला सांगायचं कबूल केलंय.