पांढरा लिंकन सेंट, वजन 2.80 ग्रॅम, परदेशी चकतीवरचा असू शकतो का?

जुनाट_नाणी: मंडळी एक शंका आहे. 1971 चा अमेरिकन सेंट आहे पण रंग तांबडा अजिबात नाही, पांढरट राखाडी. वजन 2.80 भरतंय, मॅग्नेटला चिकटत नाही. व्यास एका बाजूने 18.9 मिमी आणि दुसऱ्या बाजूने 18.6, म्हणजे पुरता गोलसुद्धा नाही, कडेची किनार अर्ध्या भागात गायबच आहे आणि लिंकनचा खांदा, जबडा एकदम पुसट. दुसऱ्या देशाच्या नाण्याच्या चकतीवर (ठसा उमटण्याआधीच्या कोऱ्या तुकड्यावर) चुकून पाडलेलं म्हणावं का याला, आणि असलंच तर ग्रेड, म्हणजे अवस्थेचा दर्जा, काय समजायची?

कडेलोट: आधी घरच्या चकत्या बाद करा मग परदेशात जा. त्या काळच्या सेंटचं वजन 3.11, सूट 0.13 ची, म्हणजे 2.98 च्या खाली टांकसाळीतून सहसा येत नाही. पांढरा सेंट दिसला की दहातल्या नऊ जणांना परदेशी वाटतो आणि निघतो डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) चकतीवरचा, पण ती 2.27 ची असते आणि कडेला मधोमध तांब्याची रेघ दिसते. चांदीची जुनी डाइम चकती धरली तरी 2.50. तुमचं कशातच बसत नाही. कड उभी धरून लेन्सने बघा, रेघ आहे का सांगा.

साधाभोळा: मला तर प्लेटिंग वाटतंय. तांब्याच्या सेंटवर जस्ताचा मुलामा दिला की चांदीसारखा चकचकतो, शाळेतला प्रयोग आहे तो. अ‍ॅसिडमध्ये बुडवून वजन उतरवलं आणि मग मुलामा दिला की झाली एरर (टांकसाळीची चूक असलेलं नाणं) तयार.

कडेलोट: @साधाभोळा शक्य आहे, पण अ‍ॅसिड सगळीकडून सारखं खातं, अक्षरं बारीक आणि लोण्यासारखी गुळगुळीत होतात, शेतही (चित्राभोवतीचा सपाट भाग) खरबरीत होतं. इथे खांदा पुसट म्हणतायत, तारीख नाही. जुनाट, तारीख आणि LIBERTY ची अक्षरं धारदार आहेत का?

जुनाट_नाणी: हो धारदार आहेत, फक्त LIBERTY चा L कडेला जाऊन पसरल्यासारखा झालाय. कडेला रेघ नाही, सगळी कड एकाच रंगाची. पाण्यात टांगून वजन केलं तर 2.48 आलं.

तराजू_तोलून: म्हणजे पाण्यात वजनातली घट 0.32, घनता 2.80 भागिले 0.32, साधारण 8.75. पण यावर फार उड्या मारू नका, काटा दोनच दशांशाचा असेल तर घट 0.31 धरली की 9.03 येते आणि 0.33 धरली की 8.5, म्हणजे तांबे-निकेल आणि पितळ यातला फरकसुद्धा त्या एका आकड्यात बुडतो. हलक्या नाण्याला तीन दशांशाचा काटाच हवा, नाण्याला चिकटलेला एक बुडबुडा सगळं बिघडवतो. तरी एवढं नक्की की चांदी नाही, ती 10.5 च्या आसपास, आणि जस्तही नाही, ते 7.1. वरून पांढरं आणि कडही पांढरी, तर तांबे-निकेल किंवा त्याच्या जवळचा मिश्रधातू. नक्की करायचं तर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी तपासणी), पण ते फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे मुलाम्याची शंका आधी फेडलेली बरी.

कडेलोट: आता गोष्ट जुळतेय. चकती कॉलरपेक्षा (ठोक्याच्या वेळी चकतीभोवती असणाऱ्या कड्यापेक्षा) लहान, म्हणून ठोका पडल्यावर पसरली पण कॉलरपर्यंत पोचली नाही, म्हणून किनार अर्धवट आणि व्यास वाकडा. आता 1971 च्या आसपास अमेरिकन टांकसाळींनी कोणत्या देशांची नाणी पाडली ते काढा आणि वजन, व्यास, धातू तिन्ही जुळतात का बघा, नुसत्या वजनावर देश ठरवू नका. उलटही होतं म्हणा, 1944 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने बेल्जियमचे 2 फ्रँक 1943 च्या स्टील सेंटच्या उरलेल्या चकत्यांवर पाडले, त्यामुळे 1944 चा स्टील सेंट हाती आला की चकती घरची उरलेली की बेल्जियमच्या कामातली यावर अजून वाद चालतो.

साधाभोळा: पण खांदा पुसट म्हणजे ग्रेड फारतर व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे वापरून थोडं झिजलेलं) ना?

कडेलोट: नाही हो, इथेच सगळे घसरतात. झीज वेगळी आणि ठोका कमी लागणं वेगळं. पातळ चकतीत धातूच कमी, डायच्या (ठशाच्या साच्याच्या) खोल भागात भरायला उरतच नाही, म्हणून सगळ्यात उंच भाग पुसट राहतो. तिरप्या उजेडात बघा, पुसट खांद्यावरही लस्टर (टांकसाळीतली मूळ चमक) फिरतोय का. फिरत असेल तर एमएस (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेलं), रंग बदलून चपटा झाला असेल तर झीज. आणि त्या खांद्यावर बारीक ओरखडे दिसले तर लगेच मार्क कापू नका, ते बहुतेक कोऱ्या चकतीवरचे जुने ओरखडे असतात, ठोका तिथे पोचला नाही म्हणून मिटले नाहीत. ग्रेडर चकतीमुळे राहिलेल्या कमतरतेचे मार्क सहसा कापत नाहीत, पृष्ठभाग बघतात.

जुनाट_नाणी: लस्टर फिरतोय, खांद्यावर थोडा मंद. पुसून घेऊ का जरा?

तराजू_तोलून: अजिबात नको! पुसलं की लेबलवर क्लीन्ड येईल आणि ग्रेडचा आकडा मिळणार नाही. आहे तसंच पीसीजीएस किंवा एनजीसीला (नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या संस्था) एरर म्हणून पाठवा, फॉर्मवर तुमचं वजन लिहा. चकतीचा देश जुळला नाही तर अनोळखी परदेशी चकती एवढंच लिहून देतील, तेही चालतं, पण वजन लेबलवर छापायला सांगा.