शब्दचर्चा : ‘सार्वजनिक जागा’ला बोलीतला शब्द कोणता?

प्रश्न

शहरातल्या रहिवाशांसाठी एक प्रश्नावली मराठीत करते आहे. ‘तुमच्या भागातल्या पब्लिक स्पेस तुम्हाला का महत्त्वाच्या वाटतात?’ असा मूळ प्रश्न. ‘सार्वजनिक ठिकाणे’ असं लिहून शेजारच्या आजींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, मी कुठे थुंकते?” आता काय लिहू? ‘मोकळी जागा’ चालेल का?

प्रतिसाद

आजींना दोष देऊ नका. ‘सार्वजनिक ठिकाणी’ हे दोन शब्द आपण पाट्यांवरच वाचतो आणि त्यापुढे ‘नये’ किंवा ‘मनाई’ ठरलेलं.

या शब्दाची कायद्यातली व्याख्याही बघण्यासारखी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाण म्हणजे लोकांना जिथे जाता येतं अशी जागा, मग ते जाणं हक्काने असो वा नसो. पुढे यादी येते : सभागृह, रुग्णालय, उपाहारगृह, न्यायालय, वाचनालय वगैरे. आणि शेवटी मोकळ्या जागा चक्क वगळल्या आहेत! धुराच्या दृष्टीने ते ठीक, पण तुम्ही ज्या बागेबद्दल विचारताय तीच या व्याख्येत बसत नाही.

खरी मेख ‘हक्काने असो वा नसो’ यात आहे. उपाहारगृहात आपण काहीतरी मागवणार म्हणून बसू देतात. रुग्णालयात काम असतं म्हणून जातो. बागेत मात्र कुणी ‘काय काम आहे?’ विचारत नाही, विचारलं तर आपल्याला राग येतो. लोकांना या जागा हव्या असतात त्या या रागापायी, असं माझं मत. झाडं आणि हवा हे त्यानंतर.

प्रतिसाद

‘मोकळी जागा’ अजिबात नको. मोकळी म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘रिकामी’ ऐकू येतं. मग कुणाला तिथे गाडी लावावीशी वाटते, कुणाला शेड टाकावीशी.

नुसत्या मोकळेपणाने काय होतं ते न्यूयॉर्कने करून पाहिलं आहे. १९६१ च्या नियमाने तिथे सवलत दिली : इमारतीसमोर लोकांसाठी चौक सोडा आणि बदल्यात जादा बांधकाम करा. बिल्डरांनी चौक सोडले. फरसबंदी चकचकीत, पण माणूस दिसेना. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी अशा चौकांचं कॅमेरे लावून बारकाईने निरीक्षण केलं. निष्कर्ष इतका साधा की हसू यावं : जिथे बसायला काही आहे तिथे लोक बसतात. पायरी, कठडा, कुंडीची कड, काहीही चालतं. हलवता येणारी खुर्ची असेल तर माणूस बसण्याआधी ती उगाच वीतभर सरकवतो. १९७५ मध्ये तिथले नियम बदलले आणि बसायची सोय करणं बंधनकारक झालं.

आपल्याकडे हल्ली उलट चाललं आहे. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा आणि कठड्यावर टोकदार सळया. जागा मोकळीच राहते, हवी तितकी.

प्रतिसाद

मैदान घ्या की! फारसीतून आलेला शब्द आहे, मराठीत मुरलेला. कैरोचा तहरीर चौक तिथल्या बोलीत ‘मीदान’च आणि युक्रेनची राजधानी कीव्हच्या चौकाचं नावही ‘मैदान’. युक्रेनमध्ये २०१३-१४ नंतर हा शब्द जागेपेक्षा आंदोलनासाठीच जास्त वापरला जाऊ लागला.

प्रतिसाद

पण मराठीत मैदान मारतात, सोडतात, नाहीतर त्यात उतरतात. सगळी चुरशीची भाषा. संध्याकाळी नुसतं टेकायला कोण मैदानात उतरतं?

‘चव्हाटा’ खरं तर नेमका होता. चार वाटा एकत्र येतात ती जागा, म्हणजे ओळखीचे-अनोळखी सगळे दिसणार. आता तिथे फक्त भांडणं येतात. त्यामुळे माझं मत ‘कट्टा’. कन्नडच्या ‘कट्टे’शी नातं सांगणारा आणि बसण्याशी थेट जोडलेला.

प्रतिसाद

कट्ट्याला माझा विरोध आहे. कट्टा म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर कोण येतं? पोरांचं टोळकं, नाहीतर निवृत्त काका. तिथे एकटी बसलेली बाई येते का?

मी रोज बागेत जाते आणि फेऱ्या मारते. व्यायामाची फार हौस आहे असं नाही. चालत असलं की कुणी बघत नाही. दमले आणि बसले तर मोबाइल कानाला लावते, समोर कुणी नसलं तरी. ‘कारण लागत नाही’ असं वर लिहिलंय ते खरं, पण सगळ्यांना नाही. आम्हाला कारण सोबत न्यावं लागतं. तरी जाते, कारण घरात जी बसायची जागा आहे तिथे बसलं की पाच मिनिटांत कुणीतरी हाक मारतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. शब्दाचा नाद सोडून वाक्यच बदलते : ‘घराबाहेर, पैसे न देता आणि कुणाला कारण न सांगता तुम्ही कुठे जाऊन बसता?’ खाली उपप्रश्न : ‘ती जागा उद्या बंद झाली तर तुमचं काय अडेल?’ आजींना आत्ताच विचारून आले. म्हणाल्या, वाचनालयाची पायरी. आत जात नाहीत, वाचत नाहीत. तिथून शाळा सुटलेली दिसते.

प्रतिसाद

छान. फक्त ‘बसता’च्या जागी ‘बसता किंवा थांबता’ करा. कॉलेजची पोरं बसत नाहीत, गाडीला टेकून उभी असतात. तुमच्या फॉर्मवर ती ‘कुठेही नाही’ लिहून मोकळी होतील.