स्वतःपुरती जागा : नागपूरकरांचे अनुभव

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्या पीठात आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडेही होते. घरातल्या माणसांसमोर मात्र घटनेचे कलम ठेवून एकांत मागता येत नाही. तो कधी तडजोडीने, कधी युक्तीने, तर कधी भांडून मिळवावा लागतो. आपण तो कसा मिळवला, किंवा का मिळाला नाही, हे या ऑनलाइन धाग्यावर घडलेल्या प्रसंगांसह लिहावे.

गृहिणी, महाल

आमच्या जुन्या घरात खोल्या पुष्कळ आहेत, परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की त्यांचा उपयोग उरत नाही, कारण मोठा कूलर एकच असून तो बैठकीच्या खिडकीला लावलेला आहे आणि त्याच्यासमोर सासूसासरे, दीर, जाऊबाई, मुले अशा सगळ्यांच्या गाद्या ओळीने पडतात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्याशी चार वाक्ये बोलायची तर ती जेवण वाढताना किंवा गच्चीवर वाळवण घालताना बोलावी लागत. पुढे पहाटे नळ आल्यावर कूलरची टाकी भरण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले, कारण अंगणात पाइप धरून उभी असताना मला कोणी हाक मारत नसे. सासूबाईंच्या हे लक्षात आले, तेव्हा त्या बोल लावतील असे वाटले होते, पण त्या म्हणाल्या, "टाकी भरली तरी लगेच आत येऊ नको, चहा मी टाकते." त्यांच्या तरुणपणी दर महिन्याला बाजूला बसावे लागे, त्याची त्यांना लाज वाटे आणि चीडही येई, तरीही त्या त्या दिवसांची वाट पाहत, कारण तेवढ्यापुरते त्यांना कोणी काम सांगत नसे. ती प्रथा गेली हे उत्तमच झाले. तिच्याबरोबर गेलेल्या विसाव्याची भरपाई मात्र आमच्या घरात कोणी केली नाही.

निवृत्त कर्मचारी, त्रिमूर्तीनगर

माझ्या निवृत्तीनंतर काही दिवसांतच पत्नीने शांतपणे सांगितले की मी रोज दुपारी दोन तास घराबाहेर जावे. मला अपमान वाटला. तिचे म्हणणे असे होते की, इतकी वर्षे दुपारचे घर तिचे एकटीचे होते, आणि आता प्रत्येक फोननंतर 'कोणाचा होता' याचे उत्तर द्यावे लागते. आता मी वाचनालयात जातो, आणि तिचे फोन कोणाचे असतात ते मला ठाऊक नाही.

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, इंदोरा

वरील दोन्ही अनुभवांत खोल्या आहेत, अंगण आहे. आमचे घर एका खोलीचे असून तिच्यात आम्ही पाच जण राहतो, त्यामुळे दार लावून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डोके फार भणभणले की मी ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोत बसते आणि खापरीपर्यंत जाऊन परत येते. खिडकीशी बसलेल्या मुलीला तिथे 'काय झालं' असे कोणी विचारत नाही. घरी मी हे सांगितलेले नाही, कारण तिकिटाच्या पैशांत भाजी आली असती, हे मलाही कळते.

समुपदेशक, धंतोली

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५८ मध्ये मांडले होते की, एकटे राहता येण्याची क्षमता मूल आईच्या सान्निध्यातच शिकते : आई जवळ असते, पण त्याच्या खेळात ढवळाढवळ करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी हेच समजावतो. ज्याला समोरचा परत येईल याची खात्री असते, त्याला त्याचे दार बंद झालेले टोचत नाही. म्हणूनच किती वेळाने बोलू, एवढे सांगून बाजूला होणे आणि रुसून दिवसेंदिवस अबोला धरणे यांत मी फरक करतो; दुसऱ्या प्रकाराला एकांताची गरज म्हणणे ही पळवाट आहे, आणि माझ्या पाहण्यात ती अधिक करून पुरुष वापरतात.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर

मुले परगावी आहेत, यजमान राहिले नाहीत, त्यामुळे वरच्या मजल्यासह सगळे घर माझेच आहे. या धाग्यावर लिहिणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, असे म्हटले तर राग मानू नये. तरीही मुलाने काळजीपोटी दिवाणखान्यात कॅमेरा बसवण्याचे ठरवले, तेव्हा मी नकार दिला. रोज सकाळी फोन करीन, पण मी कधी झोपते आणि कोणाशी बोलते हे त्याने पुण्यात बसून पाहू नये, असे त्याला स्पष्ट सांगितले. तो महिनाभर नाराज होता.

त्रिमूर्तीनगरच्या भाऊंना एक सुचवते. आपण बाहेर जाता हे ठीक आहे, परंतु त्या दोन तासांत वहिनी बहुधा रात्रीच्या स्वयंपाकाची तयारीच करत असतील. एखाद्या दिवशी वाचनालयात त्यांना पाठवावे आणि भाजी आपण निवडावी.