स्वस्त वॉकी-टॉकीचा दर्जा घरच्या घरी कसा तपासावा? मदत हवी आहे

सर्व सदस्यांना नमस्कार. आमच्या हॅम (हौशी) रेडिओ गटात नव्याने परवाना मिळालेल्यांसाठी 5 वॉटचे काही स्वस्त हँडहेल्ड संच घ्यावयाचे आहेत, आणि केवळ जाहिरातीतील आकड्यांवर विसंबून निवड करणे मला योग्य वाटत नाही.

माझी मुख्य चिंता प्रक्षेपणाच्या शुद्धतेची आहे. 145 मेगाहर्ट्झवर बोलत असताना संचातील फिल्टर कमकुवत असेल, तर त्याच्या दुप्पट आणि तिप्पट, म्हणजे 290 आणि 435 मेगाहर्ट्झवरही अनावश्यक लहरी बाहेर पडतात; त्या मूळ लहरीपेक्षा 40 डेसिबलने (म्हणजे शक्तीत दहा हजार पटीने) खाली असल्या, तरी 5 वॉटच्या संचातून अर्धा मिलिवॉट एवढी शक्ती भलत्याच ठिकाणी जाते. हे मोजण्यासाठी मी, कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती आहे ते दाखवणारा, छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेतला आहे. संच आणि उपकरण यांच्यामध्ये सिग्नल क्षीण करणारा, 40 डेसिबलचा, 10 वॉट पेलणारा अ‍ॅटेन्युएटर लावणे पुरेसे आहे का? अँटेनाऐवजी अशी थेट जोडणी केल्यास मोजमाप विश्वसनीय ठरेल, असा माझा समज आहे. तो चुकीचा असल्यास कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न ग्रहणाचा आहे. मोकळ्या माळावर उत्तम ऐकू येणारा संच शक्तिशाली प्रक्षेपकाजवळ अक्षरशः बहिरा होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. सिग्नल जनरेटर (ठरावीक ताकदीचा चाचणी-सिग्नल देणारे उपकरण) नसताना दोन संचांची या बाबतीत न्याय्य तुलना कशी करावी?