छोट्या विमानतळाने बजेट एअरलाइन धरावी की फुल-सर्व्हिस?

उड्डाणवेडा: डोक्यात बरेच दिवस घोळतंय म्हणून विचारतो. छोट्या एअरपोर्टला बजेट एअरलाइन हवीच असते कारण पॅसेंजरचा आकडा झटकन फुगतो, पण ती यायच्या आधीच लँडिंग चार्जमध्ये (विमान उतरवायच्या भाड्यात) सूट मागते, एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा बंद पूल) नको म्हणते आणि अर्ध्या तासात विमान परत उडवायचंय म्हणते. मग इतकी वर्षं पूर्ण दर भरणारी फुल-सर्व्हिसवाली (जेवण, बॅग सगळं तिकिटात देणारी) विचारणारच ना, आम्ही काय पाप केलंय? दोघींना एका छताखाली नांदवायचं कसं?

टॅक्सीवे_बी: सूट एअरलाइनचं तोंड बघून द्यायचीच नाही. रेट कार्ड एकच, सगळ्यांना उघड. जो नवीन रूट आणेल त्याला पहिल्या वर्षी जास्त, दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी बंद, मग तो कुणी का असेना. एरोब्रिजचा चार्ज वेगळा काढा, वापरला तर पैसे, पायी गेलात तर नाही. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

वारा_उलटा: कागदावर झकास आहे हो, पण सूट संपली की ते विमान दुसऱ्या गावाला नेतात आणि तुम्ही वाढवलेलं टर्मिनल तिथंच ओस पडतं. जर्मनीतलं हान एअरपोर्ट बघा, पॅसेंजरची मुख्य भिस्त रायनएअर या बजेट एअरलाइनवर, २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. पण नुसतं बजेटवाल्यांना नावं ठेवून पण चालणार नाही, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ९० टक्क्यांहून जास्त विमानं फ्लायबी या प्रादेशिक एअरलाइनची होती, २०२० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि एअरपोर्ट रातोरात रिकामं. सगळं एकाच खुंटीला टांगलं की असंच होणार.

काउंटर_चार: एक गोष्ट कुणी बोलत नाही. बजेटचा पॅसेंजर कंजूष असतो म्हणतात, पण विमानात फुकट खायला मिळत नाही म्हणून तो टर्मिनलमध्येच खातो, गाडी पण तिथंच पार्क करतो, आणि छोट्या एअरपोर्टचं पोट बरंचसं यावरच चालतं. फुल-सर्व्हिसवाली मात्र हबला (जिथून सगळीकडे विमानं मिळतात अशा मोठ्या एअरपोर्टला) जोडून देते, एका तिकिटात पुढचं विमान, बॅग थेट शेवटपर्यंत. दिवसातून दोनच फेऱ्या असल्या तरी कामासाठी फिरणाऱ्या माणसाला त्याच लागतात. म्हणून नुसती डोकी मोजून ठरवू नका.

उड्डाणवेडा: हे पटलं. मग बजेटवाल्यांना वेगळं साधं टर्मिनल बांधून दिलं तर?

टॅक्सीवे_बी: सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टने केलं होतं की, २००६ मध्ये बजेट टर्मिनल, एरोब्रिज नाही काही नाही. २०१२ मध्ये बंद करून पाडलं आणि तिथं टर्मिनल ४ उभं केलं, त्यात बजेटवाली एअरएशिया पण आली आणि फुल-सर्व्हिसवाली कॅथे पॅसिफिक पण. चांगीसारख्यांनी जे मोडलं ते वर्षाला पाच-सहा लाख पॅसेंजरवाल्याने कशाला बांधायचं? दोन सिक्युरिटी, दोन बॅगेज बेल्ट, माणसं दुप्पट. त्यापेक्षा एकाच इमारतीत दोन गेट पायी जायची ठेवा.

वारा_उलटा: आणि सकाळचा स्लॉट (विमान सुटायची ठरलेली वेळ) आधी कुणाला ते पण ठरवून टाका, कारण ७ ते ९ मध्ये दोघींनाही निघायचं असतं आणि सिक्युरिटीची लाइन एकच. आमच्याकडे दर वेळी मीटिंग तिथंच अडते.