मदत हवी आहे: पॅरिसच्या मेलेरियो घराण्याबद्दल

नमस्कार मंडळी, सराफी घराण्यांच्या इतिहासावर एक लेख लिहितोय, त्यासाठी पॅरिसच्या मेलेरियो या दागिनेवाल्या घराण्याबद्दल मदत हवी आहे. मूळचे हे लोक इटलीतल्या क्राव्हेज्जा गावचे. 1613 मध्ये राणी मारी द मेडिचीने त्यांना फ्रान्समध्ये फिरून माल विकायचा खास परवाना दिला, म्हणजे आधी फेरीवालेच होते, पुढे मारी आंत्वानेतसारखी राणी त्यांची गिऱ्हाईक झाली, आणि 1815 पासून ते रू द ला पे या रस्त्यावर आहेत. फुटबॉलचा बॅलन डी'ओर हेच बनवतात आणि फ्रेंच ओपनचा पुरुषांचा कपसुद्धा यांचाच, हे वाचून मला फार भारी वाटलं!

कार्तिएसारखं नावाजलेलं दुकानही शेवटी घराण्याच्या हातून गेलं, मग इतक्या पिढ्या यांनी धंदा घरातच कसा ठेवला? वाटण्या कशा झाल्या, मुलीजावयांना हिस्सा मिळायचा का, आणि राज्यक्रांतीत राजेराण्याच गेल्या तेव्हा यांनी तग कसा धरला, हे खोलात जाऊन सांगणारं पुस्तक कुणाला माहितीय का? फ्रेंचमधलं असलं तरी चालेल. आणि पॅरिसला राहणाऱ्या कुणी त्यांचे जुने दागिने प्रदर्शनात बघितले असतील तर प्लीज सविस्तर लिहा.