आजोबांचा रॉजर्स चाकू पॉलिश करून घ्यावा का?

वाईची_लेक
नमस्कार. वाईचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा घडीचा चाकू सापडला. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, १९५८ साली निवृत्त झाले. मिटलेला चाकू माझ्या मधल्या बोटाएवढा आहे. एक मोठं पातं, एक लहान. मूठ पिवळसर पांढरी, एका बाजूला चीर गेलेली. मोठं पातं काळपट पडलंय आणि मुळाशी लाल गंज आहे.

भिंगातून पाहिलं तर पात्याच्या मुळाशी इंग्रजीत कोरलंय : जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी. मागच्या बाजूला मुकुट, त्याच्या दोन्हीकडे जी आणि आर ही अक्षरं, खाली शेफील्ड, इंग्लंड. शिवाय एक चांदणी आणि एक क्रॉस.

काका म्हणतात, हा पेशवाईतला, कुणा साहेबानं पणजोबांना दिलेला. खरं असेल का? इथले एक दुकानदार बफ मारून आरशासारखा करून देतो म्हणालेत, मूठही नवी बसवतील. शनिवारी द्यायचा विचार आहे.

टूलरूम_निवृत्त
ताई, शनिवारी चाकू दुकानात देऊ नका. आधी एवढं ऐका, बाकीचं सावकाश वाचा.

मी पिंपरीत टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली आणि तेवढीच वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी घडीचे चाकू धुंडाळले. माझ्याकडचा पहिला शेफील्डचा चाकू मी असाच हौसेनं बफवाल्याकडे दिला होता. परत आला तेव्हा लखलखत होता, पण मुळावरची अक्षरं पुसली गेली होती. कुणी बनवला, कधी बनवला, सगळं त्या चाकावर उडालं. आजही तो हातात घेतला की पोटात कालवतं. तुमच्या चाकूची अक्षरं शाबूत आहेत, ती जपा.

आता वय. पेशवाई १८१८ साली संपली, हा चाकू तिथपर्यंत जात नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. शेफील्डच्या मालावर 'इंग्लंड' सर्रास दिसू लागतं ते त्यानंतर. 'हिज मॅजेस्टी' म्हणजे गादीवर राजा, राणी नव्हे. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत होती. तिच्यानंतरच्या सातव्या एडवर्डची अक्षरं ई आणि आर. जी आणि आर म्हणजे जॉर्ज : पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९५२ पर्यंत. यातला कुठला, ते नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. पण आजोबांच्या नोकरीची बहुतेक वर्षं त्यातच बसतात. मला विचाराल तर चाकू पणजोबांचा नाही, आजोबांचाच, आणि बहुधा त्यांनी स्वतः घेतलेला.

चांदणी आणि क्रॉस ही रॉजर्सची जुनी खूण. हे नाव आपल्याकडे इतकं खपायचं की नकलाही भरपूर झाल्या. रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'जी'च्या आधी 'डी' आहे ना ते एकदा बघा. नकलेत तो बरेचदा गाळलेला असतो.

काळपट रंगाला गंज समजू नका. हे साधं कार्बन पोलाद आहे. लिंबू, कांदा, आंबा कापून कापून असं पातं काळंनिळं होतं आणि तो थर खालच्या पोलादाला सांभाळतो. हॅरी ब्रिअर्लीनं शेफील्डमध्येच १९१३ साली क्रोमियम घालून न गंजणारं पोलाद ओतलं. तो खरं तर बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी थांबेल ते शोधत होता. चाकूवाल्यांनी सुरुवातीला त्याला दारात उभं केलं नाही, या पोलादाला धारच धरत नाही म्हणाले. पुढे त्या पोलादाचे चाकू निघाले तेव्हा पात्यावर 'स्टेनलेस' असं मिरवून कोरू लागले. तुमच्या पात्यावर ते नाही.

लाल गंज तेवढा काढायचा. कापसावर रॉकेल घेऊन भिजवा, तासाभरानं बांबूच्या काडीनं खरवडा. पॉलिश पेपर नको. मग सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल घालू नका, ते सांध्यात चिकटून बसतं. तेल घातलं की पातं सावकाश उघडमीट करा. पाठीला पोलादाची कमान असते, तिच्या जोरावर पातं अर्ध्यानंतर आपोआप ओढलं जातं आणि टक् करून बसतं. तो टक् ऐकू आला की समजा, शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम अजून जिवंत आहे. कमानीची ही घट्टाई हातानं, कानसीनं जुळवलेली असते. आयुष्यभर कानस चालवलेला माणूस म्हणून सांगतो, हे सोपं नाही.

आणि दोन गोष्टी बघून कळवा. मुठीवर भिंग धरा, काळपट बारीक ठिपके दिसतात का? आणि लहान पातं खाचेपेक्षा आखूड झालंय का?

डोंबिवलीचा_नंदू
मूठ हस्तिदंती असेल तर विकून किती येतील?

टूलरूम_निवृत्त
नंदूभाऊ, हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्यानं बंद आहे, वस्तू जुनी असली तरी. हस्तिदंत असेल तर त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या फार बारीक रेघा दिसतात, हाड असेल तर ठिपके. पण ताई विकायचं म्हणतच नाहीयेत.

शेफील्डची_सून
मी आठ वर्षं इथे राहते, म्हणून राहवलं नाही. रॉजर्सनी १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू बनवला आणि पुढे दर वर्षी त्यात एक पातं वाढवत नेलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्यांनी केलेला नॉरफोक चाकू इथल्या कटलर्स हॉलमध्ये आहे : ७५ पाती आणि अवजारं, मोतीशिंपल्याची मूठ. माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते, ते त्याच्यापुढून हलेनात.

पण मला जास्त लक्षात राहिलं ते केलहॅम आयलंडच्या संग्रहालयातलं धारवाल्याचं बैठं आसन. घोड्यावर बसावं तसं त्यावर बसून, चाकावर ओणवं होऊन माणूस दिवसभर पाती घासायचा. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जायची. काटे घासणारे कोरड्या दगडावर काम करत, ते तर ऐन तिशीत जात. पॉलिश करायला बहुतेक बाया असत, अंगाला तपकिरी कागद गुंडाळून बसायच्या. ताई, तुमच्या चाकूवरही अशा कुणाचे तरी हात फिरलेत.

टूलरूम_निवृत्त
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही संग्रह करणारे शिक्क्यांच्या तारखा घोकतो, या माणसांबद्दल कुणी बोलत नाही.

वाईची_लेक
टूलरूमकाका, दुकानदारांना नाही म्हणून कळवलं. रॉकेल लावून मुळाशी साफ केलं, 'डी' स्पष्ट आहे. मुठीवर ठिपके दिसले, म्हणजे हाडच. लहान पातं निम्म्यावर आलंय, घासून घासून सुईसारखं निमुळतं झालंय. असं का?

टूलरूम_निवृत्त
मला वाटलंच होतं. त्या लहान पात्याला पेनचं पातं म्हणतात. मुळात ते पिसाची लेखणी तासायला असायचं, नंतर पेन्सिलीला. आपल्याकडे त्यानं बोरू तासत. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरकं छाटायला पातं वस्तऱ्यासारखं लागतं, म्हणजे रोज दगडावर घासणं आलं. आजोबा मास्तर होते म्हणालात ना?

वाईची_लेक
हो. आत्याला आत्ताच फोन केला. म्हणाली, शाळा भरायच्या आधी दादा ओट्यावर बसायचे आणि पोरं बोरू घेऊन रांगेत उभी राहायची. शेवटचा नंबर नेहमी तिचा, घरची म्हणून.